अर्धे उघडणारे दार

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. सध्या एका कॉलेजच्या मागच्या अंगणात, मोडक्या बाकांशेजारी उभा आहे. माझ्या पाठीवर कुणीतरी खडूने 'भंगार' असे लिहिले आहे. अक्षर सुरेख आहे, एवढेच काय ते समाधान.

पोलादी पत्र्याचे अंग, जाड काचेचे, कपाटासारखे बाजूला उघडणारे दार, भक्कम बिजागऱ्या आणि पोटात चार खण, असा मी कारखान्यातून निघालो. कॉलेजात केक-पेस्ट्रीचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा मला इथे आणले. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला माझी ओळख करून दिली. "प्रत्येक ओव्हनचा एक कोपरा रागीट असतो," त्या म्हणाल्या, "याचा मागचा, डावा. म्हणून अर्ध्यावर आलं की दार सताड उघडायचं, ट्रे बाहेर ओढायचा, फिरवायचा आणि परत आत. विसरलात तर एक बाजू जळेल आणि दुसरी कच्ची राहील."

मला त्याचा राग आला नाही. स्वभावाला औषध नसते, पण माणसे सांभाळून घेतात. बाईंच्या कितीतरी तुकड्यांनी मला सांभाळून घेतले आणि मीही त्यांना कधी तोंडघशी पाडले नाही. बाई पाहुण्यांसमोर माझ्या दारावर थाप मारून म्हणत, "हा माझा सगळ्यात जुना विद्यार्थी." तेव्हा मी जरा जास्तच तापत असे.

मग एका वर्षी वर्गात काका आले. पन्नाशीला टेकलेले, आयुष्यभर बस चालवलेले. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितले आणि काकांनी मिशीला पीठ लावून घेतले. वर्गातली पोरे आधी हसली. पण काकांचा स्पंज केक फुगला की तीच पोरे कृती विचारायला येत. वर्षाच्या शेवटी एक मोठा बेकरीवाला परीक्षा घ्यायला येणार होता. तो एकालाच उमेदवारीला नेणार आणि पुढे कामावर ठेवणार. काकांना दुसरे काही नको होते.

काकांची लेक याच कॉलेजात, वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकत होती. बापलेक एकाच डब्यातून जेवत आणि कोण जास्त अभ्यास करते यावरून भांडत.

त्याच वर्षी प्राचार्यांनी स्वयंपाकघर नवे करायला काढले. कामाची देखरेख व्यवस्थापन शिकून कॉलेजात उमेदवारी करणाऱ्या एका टायवाल्या तरुणाकडे आली. 'वेळेत म्हणजे वेळेत' हे त्याचे पालुपद होते. नकाशाचे काम काकांच्या लेकीला मिळाले. ती सुट्टीच्या दिवशी एकटीच आली. तिने टेप लावून माझी लांबी, रुंदी, उंची अगदी काटेकोर मोजली. मित्रांनो, तिने फक्त एक केले नाही. माझे दार उघडले नाही. बंद दाराचा मी म्हणजे एक चौकोन. तोच तिच्या पडद्यावर गेला.

त्या नकाशाबरहुकूम माझ्यासमोर दगडी ओटा बांधला गेला. चकचकीत, सुरेख. उद्घाटनाला टाळ्या झाल्या, नकाशा काचेत लावला गेला, लेकीचे नाव मोठ्याने घेतले गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी माझे दार ओढले आणि ते ओट्यावर आपटून अर्ध्यावरच थांबले. काकांनी पुन्हा ओढले. मग वाकून ओट्याची कड चाचपली.

ते पाहून बाई तडक निघाल्या. "प्राचार्यांना सांगते, ओटा फोडावा लागला तर फोडा म्हणून."

"बाई, थोडं थांबा," काका दारात आडवे आले. "पोरीला याच नकाशावर आर्किटेक्टच्या ऑफिसात घेतायत. अजून सही व्हायचीय."

"आणि तुमची परीक्षा?"

"मी घेतो सांभाळून. एवढी वर्षं बस गल्लीबोळांतून काढली, हा ट्रे म्हणजे काय मोठं?"

बाई थांबल्या. त्यांनी थांबायला नको होते, असे मला अजून वाटते.

परीक्षेला कुणी काय करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरले. बाकीच्यांना बिस्किटे आणि कपकेक आले. त्यांचे छोटे ट्रे कसेबसे आत-बाहेर झाले. काकांच्या वाट्याला पूर्ण ट्रेचा स्पंज आला. अर्ध्या दारातून ट्रे सरळ जाईना. त्यांनी तो तिरका केला आणि मिश्रण एका अंगाला वाहिले. अर्ध्यावर ट्रे फिरवायला म्हणून त्यांनी दार उघडले, तर फुगत आलेला स्पंज तिरका करायची सोय नव्हती. त्यांनी दार लावून घेतले. माझ्या डाव्या कोपऱ्यात त्यांचा केक जळत होता आणि मला माझी आग आवरता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बेकरीवाल्याने सुरी फिरवली. एक बाजू जाड आणि कच्ची, दुसरी पातळ आणि काळी. "ट्रे फिरवला नाहीत?" त्याने विचारले. "ही तर पहिल्या आठवड्यातली चूक."

बाईंनी बोलायला तोंड उघडले. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले आणि बेकरीवाल्याला म्हणाले, "ओव्हन म्हातारा झालाय साहेब. आच सारखी देत नाही."

मित्रांनो, ते वाक्य मला माझ्या सगळ्या आगीपेक्षा जास्त भाजले. ज्यांच्यासाठी मी जीव ओतून तापलो, त्यांनीच माझ्यावर ढकलले. आणि त्यांनी तसे का केले हे मला कळत होते, म्हणून धड रागावताही येईना. प्राचार्यांना तर बरेच झाले. "मग काढून टाकू," ते म्हणाले. टायवाल्याने लगेच लिहून घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

संध्याकाळी लेक खाली आली. सही झाली होती. तिने बापाचा हात धरला. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. नकाशा काढताना मला वाटलंच होतं, एवढं नवीन सगळं होतंय तर ओव्हनही नवीन हवा."

"होय गं," काका म्हणाले. "तुझ्या नकाशात काही खोट नाही."

हे बोलणे चालले होते तेव्हा ती माझ्याच दाराला टेकून उभी होती. तेव्हाही तिने ते उघडून पाहिले नाही.

ती आता त्या ऑफिसात आहे आणि तिचे चांगले चालले आहे म्हणतात. माझ्या जागी आलेल्या नव्या ओव्हनचे दार बुटके आहे, वरून खाली उघडते आणि ओट्याला लागत नाही, त्यामुळे ओटा अजून तसाच आहे आणि नकाशाही काचेत आहे. काका त्याच बेकरीवाल्याची गाडी चालवतात. दुसऱ्यांनी भाजलेले केक पोचवतात. कॉलेजच्या कॅन्टीनला माल द्यायला येतात तेव्हा डावा पाय हाताने उचलून गाडीतून उतरतात. माझ्यासमोरून जाताना मान खाली घालतात.

मित्रांनो, मला पुसून-घासून परत आत न्या, असे मी म्हणणार नाही. मी म्हातारा आहे हे तर खरेच आहे. पण उद्या कुणी तुम्हाला म्हणाले की अमुक वस्तू बिघडली किंवा तमुक माणूस आता कामाचा राहिला नाही, तर लगेच मान डोलवू नका. आधी जाऊन बघा, त्याच्या तोंडासमोर आपण काय बांधून ठेवले आहे ते.