तनयाची चानकी

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि झोपलेलं घर टण्णकन वाजलं. निशिगंधाचा हात पिठातच थांबला. पडद्याआड लेक तनया कुशीवर वळली, पण उठली नाही. मग निशिगंधानं हळूच आधणात तांदळाचं पीठ लोटलं.

कर्जतजवळच्या हॉलिडे होमला रोज तीस भाकऱ्या जात. आधी सासूबाई, गौराबाई, करायच्या. त्या गेल्यावर टोपली निशिगंधानं उचलली. आता घर त्या टोपलीवरच चालत होतं. ऊन ऊन उकड मळायची, पाण्याच्या हातानं थापायची, तव्यावर टाकायची. भाकरी टम्म फुगली की गौराबाई म्हणायच्या, "बघ गं, जीव आला तिच्यात."

शेवटी उरलेल्या गोळ्याची तळहाताएवढी चानकी व्हायची. ती तनयाची. टोपलीत ती कधी गेली नाही.

आठ वाजता मायलेकी हॉलिडे होमच्या स्वयंपाकघरात पोचल्या. पांढऱ्या फळ्यावर नवीन अक्षरं होती : राइस रोटी.

"कमलेशभाऊ, ही कोण?"

"तुमचीच भाकरी, वहिनी," मॅनेजर हसला. "गेल्या रविवारी एका गुजराती काकींनी भाकरी मागवली आणि ही बघून रुसल्या. त्यांची गव्हाची असते, कडक. दिल्लीवाल्यांना तर काहीच कळत नाही. रोटी म्हटलं की विषय संपला."

"रोटी लाटतात. ही थापलेली हाय."

"पाहुण्यांना काय फरक पडतो?"

"इडलीला काय लिवलंय तुमी?"

"इडलीच."

"मंग भाकरीनंच काय घोडं मारलंय तुमचं?"

आचारी ओमकार फिसकन हसला. कमलेशचे कान लाल झाले. "जमत नसेल तर सांगा. शिळफाट्यावरून मशीनच्या चपात्या येतात."

निशिगंधानं सोडलेलं फडकं टोपलीला पुन्हा बांधलं. "मागवा. माज्या सासूची भाकरी दुसऱ्याच्या नावानं वाढायची नाय." टोपली कमरेवर घेऊन, तनयाचा हात धरून ती दाराबाहेर पडली.

"साहेब, पिठलं उतरलंय," मागून ओमकारचा आवाज आला. "पानं मांडलीत. पाव्हण्यांना काय, नुसतं पिठलं चाटायला देऊ?"

फाटकाशी कमलेश मार्कर घेऊन धापा टाकत आला. "वहिनी, तुमच्या हातानं लिहा. आणि ती कशी असते तेही लिहा, म्हणजे माझ्या डोक्याला ताप नको."

परत येऊन तिनं फळ्यावरची राइस रोटी पुसली. शाळेत काढायची तशा वळणदार अक्षरात लिहिलं : भाकरी. तांदळाची, उकडीची, हातावर थापलेली. ओमकारनं टोपली उचलून जेवणघरात नेली.

पहिलीतली तनया चानकी कुरतडत एकेक अक्षर लावत होती. "भा... क... री. आई, आजीची?"

"आजीचीच."

"मंग माझी चानकी नाय लिवली?"

"ती विकायची नसते गं. ती घरातल्या बाळाची."

तनयानं दारातून जेवणघरात पाहिलं. तिथं एक परकी बाई भाकरीचा पापुद्रा सोडवून मांडीवरच्या बाळाला भरवत होती.

"आई, तिच्या घरी चानकीला काय म्हणतात?"

निशिगंधानं मार्करला टोपण लावलं. "चल, तिलाच इचारू."