आखाडातलं बदक

"परड्यातनं का आलासा, भावजी? म्होरलं दार काय मोडलंय व्हय माझं?"

अंबूबाईच्या काखेत बदक होतं आणि आवाजात आग. नुकतं कुठं फटफटलं होतं. परड्याच्या कुंपणातून वाकून आत आलेला मौला मुलाणी पायांचा चिखल दगडाला पुसत उभा राहिला.

"हळू बोला, वहिनी. आवाज लांब जातोय."

"जाऊ दे की! कुणाच्या बापाची चोरी केलीया?"

सदऱ्याच्या आतून मौलानं फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. ते बघून अंबूबाईच्या जिवाचा संताप झाला. तिचा नवरा नाथाजी जिवंत होता तेव्हापासून हा माणूस या घरी पुढच्या दारानं आला होता. ओसरीशी खाकरायचा, "हाय का कुणी घरात?" म्हणून हाळी द्यायचा, बूड टेकून चहा प्यायचा आणि मग सुरी हातात घ्यायचा. आणि आज तो कोंबडीचोरासारखा कुंपणातून आला होता. का? तर चावडीवर चार शहाणे बसले आणि त्यांनी ठरवलं म्हणून!

रीत काय कालची होती? बोकड असो, कोंबडी असो, मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय या गावात मटण चुलीवर चढत नव्हतं. पाटलाच्या घरी नाही, धनगराच्या घरीही नाही. खंडोबाच्या नावानं बोकड सोडला तरी सुरी मौलाच्या बापाचीच, त्याच्या आधी आज्याची. त्याबद्दल मान आणि काळीज हा मुलाण्याचा वाटा. बायका तर या बाबतीत इतक्या कडक, की मुलाण्याचा हात न लागलेलं मटण कुणी आणलंच तर ते घराच्या बाहेर राहायचं. आणि आता देश स्वतंत्र होऊन वर्ष व्हायच्या आत गावातल्या पोरांनी निजामाच्या मुलखातल्या मारकाटीच्या बातम्या पेपरात वाचल्या, एकमेकांना मोठमोठ्यानं वाचून दाखवल्या, आणि ठराव केला: मुलाण्याला कुणी बोलवायचं नाही. जो बोलवील त्याच्या घरी भावकी जेवणार नाही. मौलानं निजामाचा मुलूख डोळ्यांनी बघितला नव्हता. कऱ्हाडच्या बाजाराच्या पलीकडं तो कधी गेला असेल तर मिरजेच्या उरुसाला, एवढंच.

"बायकांना इचारलं का रं कुणी?" असं तिनं तेव्हाच कृष्णातला विचारलं होतं. "चुली आमी फुकायच्या आनि ठराव तुमी करायचं?" कृष्णात तिच्या दिराचा मुलगा आणि ठरावात सगळ्यांत पुढं तोच. लहानपणी त्याचं नाक तिनं आपल्या पदरानं पुसलं होतं, हे आठवून तिला आणखीच चीड यायची.

ठरावाचं झालं काय, तर अर्धा आखाड सरला तरी गावात कुठं मटणाचा वास नव्हता. पोरं कापायला तयार, पण म्हाताऱ्या शिजवायला तयार नाहीत. श्रावण तोंडावर आलेला आणि सगळं गाव मुकाट आमटी ओरपत होतं.

अंबूबाईला मात्र आमटीवर भागवता येणार नव्हतं. तिची एकुलती एक लेक विजयमाला लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाला माहेरी आली होती आणि तिला न्यायला जावई आज कोरेगावहून येणार होता. आकाराम फौजेतला, रजेवर आलेला. लग्नात नदीकडेला फिरणारी बदकं बघून तो सहज म्हणाला होता, "मामी, एकदा बदक खायला येतो." नव्या जावयानं तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू. आणि जावयाच्या ताटाशेजारी भावकी बसली नाही, तर विधवेच्या लेकीला सासरी जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं. मौलाला बोलवावं तर पंगत मोडते, न बोलवावं तर तिच्या हातानं बदक शिजत नाही. शेवटी तिनं नदीवर धुणं धुताना मौलाच्या बायकोकडं, अख्तरबीकडं, निरोप दिला होता. त्या निरोपावर मौला आला होता, तो असा.

अंबूबाईनं पाय धरले, मौलानं पंख दाबून धरून तोंडातल्या तोंडात नेहमीचे शब्द म्हटले आणि काम केलं. सुरी धुऊन परत फडक्यात गेली.

"वाटा घिऊन जावा," ती म्हणाली. "आता काढून दिते."

"न्हाई, वहिनी. रस्त्यानं कुणी बघितलं म्हंजे?"

"मग संध्याकाळी शिजवूनच पाठविते."

"पाठवू बी नगासा." मौला कुंपणाशी थांबला. "एकच मागनं हाय. माझं नाव काढू नका. कृष्णात इचारील. सांगा कायबी. पर मौला आल्ता म्हणू नका."

"बरं," अंबूबाई म्हणाली. तो शब्द तिला चांगलाच जड गेला. मौला वाकून बाहेर पडला.

मग माय-लेकी कामाला लागल्या. बदकाची पिसं कोंबडीसारखी सहज निघत नाहीत. कितीही कढत पाणी ओता, पिसांना तेल, पाणी आत शिरतच नाही. विजयमाला बोटं पोळून घेत उपटत होती आणि आई धुसफुसत होती.

"आये, बदकावर का चिडतीस? त्येनं काय केलंय?"

"बदकावर न्हाई गं बाई. माणसांवर चिडायची सोय ऱ्हायली न्हाई, म्हणून बदकावर."

अंगावरची बारीक लव तिनं जाळावर धरून भाजली. शेपटीपाशी तेलाची गाठ असते, ती काढली नाही तर सगळा रस्सा उग्र होतो, ती कापून टाकली. मान आणि काळीज वेगळ्या मोगऱ्यात, लहान भांड्यात, ठेवलं. मौला नको म्हणाला म्हणून काय झालं? ज्याचं त्याचं ते त्याला. बाकीच्या तुकड्यांना हळद-मीठ, आलं-लसूण चोळून परड्यातल्या तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढवलं. तेल घातलं नाही. बदकाची चरबी सुटते, त्यातच ते परततं. वर परातीत पाणी ठेवलं आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत सोडत राहिली. विजयमालानं कांदे निखाऱ्यात भाजले, खोबरं आणि तीळ भाजले, पाट्यावर वाटण वाटलं. त्यात घरची कांदा-लसणाची चटणी गेली, तेव्हा वासानं शेजारचं कुत्रं कुंपणाशी येऊन बसलं. बाजूला तांदुळजा लसणावर परतला, मिरचीचा खर्डा ठेचला. भाकऱ्यांची चळत उभी राहिली.

वासानं कुत्रं आलं तसा कृष्णातही आला.

"काकू, बदक कापायला मी येनार हुतो की."

"शिजतंय. दिसत न्हाई व्हय?"

कृष्णातनं परात उचलून पातेल्यात डोकावलं, लांब श्वास घेतला आणि तो हसला. "बरं झालं. मी काय इचारत न्हाई, तू काय सांगू नगंस. पंगतीला आमी समदी येतोय." जाताना त्यानं डोळाही घातला. सख्ख्या काकूला!

म्हणजे याला सगळं समजलं होतं. अंबूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. मौला कुंपणातून सरपटत आला, ते या डोळा घालणाऱ्या माणसाच्या भीतीनं?

दुपारी मोटारीनं आकाराम आला. सोप्यात पंगत बसली. जावई मधे, एका बाजूला कृष्णात, दुसऱ्या बाजूला भावकीतले सगळ्यांत थोरले लालासाहेब आणि कडेनं बाकीची चार माणसं. पहिल्या भाकरीला कुणी बोललंच नाही. उपाशी माणसं जेवतात तशी सगळी जेवत होती. रस्सा ओरपल्याचे आवाज येत होते. लालासाहेब दात नसताना नळी चोखत होते. अंबूबाई आतल्या दारात उभी राहून वाढणाऱ्या लेकीकडं बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिचा राग निवत चालला होता. पंगत नीट पार पडतेय, आणखी काय हवं?

आकारामनं बोटं चाटत विचारलं, "लय झ्याक झालंय. कापलं कुणी?"

साधा प्रश्न. "झालं बाबा कुणीतरी" एवढ्यावर सुटला असता. पण कृष्णातनं छाती पुढं काढली.

"आमीच की, पावणं. आमच्या गावात आता मुलाणी लागत न्हाई. म्हाताऱ्या माणसांनी उगं बाऊ केल्ता, मुलाण्याबिगर चव न्हाई म्हणून. बघा की चव! का वो, लालासाहेब?"

लालासाहेबांनी ताटावरची नजर न काढता मान हलवली.

अंबूबाईला मौलाला दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. तो दातांखाली धरून ती क्षणभर उभीसुद्धा राहिली. पण तेवढ्यात कृष्णातनं हाड फोडलं, आणि त्या आवाजानं तिच्या मस्तकात तिडीक गेली. पळी घेऊन ती सोप्यात आली. पंगत चालू असताना बाईमाणसानं वाढायला नाही, भांडायला सोप्यात यायची ती पहिलीच वेळ असेल.

"लाज वाटती का रं खोटं बोलायला? मौलानं कापलंय ते. माझ्या परड्यात, आज सकाळी. तुला म्हाईत हाय, लालासाहेबांनी वळखलंय, आनि तरीबी समदी बोटं चाटताय!"

हात जिथल्या तिथं थांबले. लालासाहेब हळूच म्हणाले, "अंबू, कशाला बोललीस गं? गप वाढलं असतंस तर गप खाल्लं असतं. खातच हुतो की आमी."

"खात हुतासा म्हणूनच बोलले! त्येच्या हातचं पोटात चालतंय, आनि त्यो दारात चालत न्हाई? ह्यो कुठला न्याय?"

कृष्णात उठला. त्याच्या मागोमाग एकेक जण उठला. ज्याच्या ताटात कमी उरलं होतं तो जरा उशिरा उठला, एवढाच काय तो फरक. शेवटी लालासाहेब भिंतीला हात लावून उठले. आत विजयमालाच्या हातातलं भाताचं भांडं खाली पडलं आणि ती तोंडात पदर घालून रडायला लागली.

सोप्यात एकटा आकाराम उरला. आता हाही उठतो, असं वाटून अंबूबाईनं डोळे मिटले.

"मामी, भात हाय न्हवं?"

तिनं डोळे उघडले.

"सकाळपासनं उपाशी हाय मी," आकाराम म्हणाला. "आनि आमच्या पलटणीच्या लंगरात कुणी कापलं म्हणून कुणी उठलं असतं, तर मेलं असतं उपाशी. वाढा, रस्सा बी घाला."

तिनं भात वाढला. जावई पोटभर जेवला, हात धुऊन सुपारी खाल्ली. अंबूबाईच्या मनात आलं, भावकी गेली खड्ड्यात! लेकीचं बरं झालं, आणि आपण बोललो तेही बरं झालं. दिवसभर ती त्याच तोऱ्यात वावरली.

दिवस कलल्यावर तिनं मान आणि काळजाचा रस्सा मोगऱ्यात घेतला, वर भाकऱ्या ठेवल्या आणि ती निघाली. बोळातून नाही, गावाच्या मधल्या रस्त्यानं, चावडीवरून. बघू दे ज्याला बघायचं त्याला.

मौलाचं दार अर्धं लोटलेलं होतं. अख्तरबी पुढं आली, पण तिनं नेहमीसारखं "या, बसा" म्हटलं नाही. मौला आत भिंतीला टेकून बसला होता.

"भावजी, वाटा आणलाय. समद्यांच्या म्होरं सांगितलं मी. तोंडं बघायला पायजे हुती एकेकाची!"

"कृष्णात आल्ता," मौला म्हणाला. "दोघंतिघं हुती संगं."

"काय म्हणत हुता?"

"सुरी मागितली. दिली."

अंबूबाईला ते नीट कळायलाच वेळ लागला. "दिली? तुमच्या बाची सुरी? आत्ता जाते. थोबाडीत दिऊन आणते का न्हाई बघा!"

"नगा जाऊ." मौलाचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुमचा राग खरा हाय, वहिनी. पर तुमच्या घरातनं भावकी उठली, ती दिवाळीला परत बसंल. माझ्या दारात आली, तर मी कुठं जाऊ? ह्या पोरीबाळींना घिऊन कुठं जाऊ? एकच मागितलं हुतं तुमाला."

अंबूबाईला कृष्णातचा राग आला होता, लालासाहेबांचा आला होता, सगळ्या गावाचा आला होता. आता पहिल्यांदाच स्वतःचा आला, आणि तो काढायचा कुणावर हे तिला समजेना. तिनं मोगरा पुढं केला.

अख्तरबीनं तो घेतला, आत जाऊन रस्सा आपल्या भांड्यात ओतला, मोगरा धुतला. रिकामं भांडं शेजारणीला परत देऊ नये म्हणून त्यात गुळाचा खडा घातला आणि तिच्या हातात दिला.

"जेवा गरम हाय तवर," अंबूबाई म्हणाली.

"व्हय," अख्तरबी म्हणाली.

ती पायरी उतरली. चार पावलं गेली असेल-नसेल, तोच मागं दार लागलं आणि आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला. लग्न होऊन या गावात आल्यापासून ती या घरी येत-जात होती. त्या दाराला अडसर आहे, हे तिला आजच कळलं.