चार-शून्यची बातमी

अंबरनाथच्या कॉलेजची फुटबॉल टीम दोन-एकने जिंकली आणि स्थानिक साप्ताहिकाने छापलं, ‘अंबरनाथ कसंबसं वाचलं’. त्याच कॉलेजात शिकणारी, एकही मॅच न चुकवणारी वैदेही भडकली. “हा पेपर बदलापूरवाल्यांना सामील आहे,” म्हणत ती थेट उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्याच्या ऑफिसात गेली.

संपादक श्यामकांत काकांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मी मॅचला येतच नाही गं,” ते म्हणाले. “कोणीतरी फोनवर सांगतं, मी छापतो. पुढची मॅच तूच लिही. तुझ्या नावाने छापतो.”

रविवारी वैदेही वही घेऊन बदलापूरच्या मैदानावर बसली. तिची टीम चार-शून्यने हरली. त्यातला एक गोल तर अवधूतने आपल्याच जाळ्यात मारला. घरी येऊन तिने तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ‘वारा फार होता’ असंही लिहून पाहिलं. शेवटी जे घडलं तेच पाठवलं.

गुरुवारी अंक आला आणि कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. “वैदेही बिक गई क्या?” “बदलापूरला मामा राहतो तिचा!”

वैदेही कँटीनमध्ये तोंड पाडून बसली होती. तेवढ्यात समोरून अवधूत आला. आता हा भांडणार, म्हणून ती उठायलाच निघाली.

“थांब,” तो म्हणाला. “अजून दोन अंक मिळतील का? आईला नातेवाइकांना वाटायचेत.”

“तू वाचून नाही दाखवलंस तिला?”

“दाखवलं ना. ती म्हणाली, गोल तर मारलास!”