सहा नंबरची नळी

"हात हिकडं कर बनाक्का, चावत न्हाई मी!"

मौलाच्या हातात हातावरचे जंतू टिपायची कापसाची काडी, आणि बनाबाईनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरलेले.

"सव्वीस वर्सं दुसऱ्याची पोरं धुतली ह्या हातांनी," ती म्हणाली. "आता ह्येच चोर व्हय?"

बनाबाई बाळंतिणींच्या वॉर्डातली आया. बाळंतिणी हौसेनं तिच्याच बोटानं पोराला पहिला मध चाटवायच्या. ज्याचं बोट, त्याचा गुण पोरात उतरतो म्हणायच्या. पण त्या आठवड्यात पाच तान्ह्या पोरांना जुलाब लागले, गगनबावड्याकडचं एक तर गेलंच, आणि त्याच बायका तिला पोराजवळ येऊ देईनात.

तेवढ्यात वॉर्ड आणि प्रयोगशाळा दोन्ही बघणारे हंबीरराव डॉक्टर पुढं आले. बाही वर सारली. "आधी माझा घे रे मौला. म्हणजे कुणी कुरकुर करायला नको."

मौलाला काय बरं वाटलं! तो प्रयोगशाळेतला जुना शिपाई. हा डॉक्टर नवखा होता, तेव्हा जंतू वाढवायच्या डिशा ओतायला त्यानंच शिकवलेल्या.

"ह्यातनं कळतंय काय पर?" बनाबाईनं विचारलं.

"आगं, जंतू दिसायला सगळे सारखेच. पर पुण्यात आता नवं तंत्र आलंय. जंतूच्या पोटातला डीएनए काढत्यात, त्याच्या पट्ट्यांचा फोटो काढत्यात. पट्ट्या जुळल्या तर घराणं एक. न्हाई जुळल्या तर तू सुटलीस की! माझा शब्द हाय."

मग तिनं हात पुढं केला.

मौलानं जंतू वाढवले, नळ्यांवर नंबर घातले. एक ते पाच पोरं, सहा बनाबाई, सात डॉक्टर. नळ्या पुण्याला गेल्या.

महिन्यानं, एका सोमवारी, लिफाफा आला. टपाल फोडायचं काम मौलाचंच. फोटोत नळीमागं एक उभी रांग, प्रत्येकीत काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एक ते पाच अगदी सारख्या. सातवीही तशीच. सहावी तेवढी एकटी, निराळी.

डॉक्टरांनी फोटो बराच वेळ बघितला.

"तिच्या हातावर जंतू निघाला का नाही?"

"निघाला, पर घराणं येगळं हाय साहेब. तुमच्या..."

"निघाला ना? चौकशीची कमिटी तेवढंच विचारणार." त्यांनी फोटो टेबलाच्या खणात टाकला. "तुझी किती वर्षं राहिली रे नोकरीची?"

"सहा."

"मग जा, कामाला लाग."

बुधवारी कमिटी बसली. बनाबाईच्या हातावर जंतू सापडला, असं डॉक्टरांनी वाचून दाखवलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बनाबाईला काढलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती दवाखान्याच्या निळ्या काठाच्या दोन साड्या परत द्यायला आली, तशीच प्रयोगशाळेत शिरली. डॉक्टर वॉर्डात होते.

"मौलाभाई, त्या फोटूचं काय झालं?"

मौलानं खण उघडला. फोटो खिडकीशी धरला.

"ह्यातली मी कंची?"

त्यानं सहावीवर बोट ठेवलं.

"आणि ही पोरं? मग माझं न्हाईच की जुळत!" तिचा आवाज क्षणभर चढला. मग नजर पुढं सरकली. "ही शेवटची कुणाची? पोरांच्यागतच दिसतीय."

"साहेबांची."

तिनं फोटो आपल्या हातात घेतला.

"कवा कळलं तुला?"

"आदल्या सोमवारी."

"म्हंजे कमिटीच्या आधी."

"व्हय."

"कमिटीत तू हुतास?"

"हुतो. चहा द्यायला."

बनाबाईनं मान हलवली. फोटो त्याच्या हातात परत दिला.

"बनाक्का, माझी सहा वर्सं..."

"ऱ्हाऊ दे. साहेबांचं मला काय वाटत न्हाई बघ. त्यांनी कुठं शब्द दिलता मला?"

ती बाहेर पडली. मौला खिडकीतून बघत राहिला. सव्वीस वर्षांत सकाळी अकराला ती त्या फाटकातून कधी घरी गेली नव्हती. फाटकाशी उन्हात उभी राहिली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघितलं, आणि मग सावकाश शिवाजी पेठेकडं चालू लागली.