निळ्या खुणेखालून

शाळेमागचं मैदान वाचवायचं असेल तर सरपंचांच्या सदुसष्ट वर्षांच्या आईने अडथळ्यांची शर्यत पार करायला हवी, असं भर ग्रामसभेत ठरलं. ते ठरण्याला शिवकन्या स्वतःच कारण होती.

वाटूर फाट्यापासून तीन किलोमीटर आत असलेल्या या गावात ती विज्ञान शिकवायला आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. वडील मंठ्याला एस.टी.त कंडक्टर. घरात शेतीची एकही वस्तू नाही. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्या शिवकन्याला दिसेल ते मोजायची सवय होती. वर्गाच्या खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप कोणत्या महिन्यात कोणत्या फरशीवर पडते, हेसुद्धा तिच्या वहीत होतं. पोरं तिला बाई म्हणत, आणि गावही बाईच म्हणे.

डिसेंबर सत्त्याण्णवच्या त्या सभेत सरपंच काकासाहेबांनी विषय काढला, की मैदानावर गाळे बांधू. पोलीस भरतीची तयारी करणारी बारा पोरं तिथे पळतात. बारा पोरांसाठी एवढी जागा कशाला अडवायची? ती तर रस्त्यानेही पळतील. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. शिवकन्या उठून म्हणाली की मैदानावर बाराच जण दिसतात, कारण तिथला खेळ बाराजणांपुरताच आहे. पाचपासून पासष्टपर्यंत सगळ्यांना जमेल अशी शर्यत आपण करून दाखवू.

काकासाहेब हसले. "मंग बाई, आमच्या मायपासून सुरू करा," ते म्हणाले. "सव्वीस जानेवारीला माय पार झाली तर मैदान शाळेचं. न्हाई झाली, तर फेब्रुवारीत पाया खंदायचा. बराबर?"

सभा खदखदून हसली. बायकांच्या बाजूला बसलेल्या सरपंचांच्या आई द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून शिवकन्या कामाला लागली. सातवीतली बेबीनंदा टेप धरायची आणि शिवकन्या लिहून घ्यायची. पहिलीच्या पोरांपासून पिठाच्या गिरणीवर बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत एकशे चाळीस माणसांची उंची आणि गुडघा मोजून झाला. लहान असो की मोठा, माणसाचा गुडघा त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून जरासाच वर असतो, हे कळल्यावर तिला दोन दिवस भारी आनंद झाला. बेबीनंदाने तो शोध घरोघर जाऊन सांगितला. गुडघा मोजून घ्यायला लोक आपण होऊन यायला लागले. एका आजोबांनी तर दोन्ही गुडघे वेगवेगळे मोजायला लावले आणि डावा पाव इंचाने उंच निघाल्यावर, कोणता पाय खोटा ते आता कळलं, म्हणून समाधानाने घरी गेले.

शर्यतीचा नियम तिने एका ओळीत बसवला. अडथळा एकच, खुणा तीन. चुन्याची पांढरी खूण सोपी, गेरूची तांबडी मधली, निळीची निळी अवघड. ज्याने त्याने आपली खूण निवडायची, पण अडथळा टाळून बाजूने जायचं नाही. बाजूने गेला तो बाद.

आधी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांमधून पाय टाकत जायचं. मग आडव्या दांड्या ओलांडायच्या. पुढे डोक्यावर पाण्याची घागर घेऊन जमिनीवर टाकलेल्या वाशावरून चालायचं, आणि शेवटी मातीच्या ढिगावर दोराला धरून चढून शाळेची घंटा वाजवायची. ढिगाच्या पांढऱ्या बाजूला पायऱ्या खणल्या होत्या, निळी बाजू सरळ उभी होती.

लाकडाचं काम पुंजाराम सुतारांकडे होतं. आडव्या दांड्यांसाठी त्यांनी बांबू लावले, ते सरावात दोनदा मोडले. तिसऱ्यांदा मोडले तेव्हा पुंजाराम म्हणाले, काळजी करू नका, असं लाकूड आणतो की वर हत्ती बसला तरी वाकणार नाही. पंचवीस तारखेला दिवस मावळताना ते चार नवी जुवं घेऊन आले. पेरणीच्या आधी लोकांना द्यायला करून ठेवलेली, बाभळीची, साडेसहा फूट लांब, सुतासारखी सरळ. शिवकन्याने मोजली, वर बसून पाहिली आणि खूश झाली. दीड फूट, सव्वादोन फूट, तीन फूट, अशा तिन्ही खुणांवर ती चपखल बसली. चौथं जास्तीचं म्हणून लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवलं.

सुतार दिवसभर जू तळपायाखाली दाबून धरतो आणि वाकसाने तासतो. त्यामुळे पुंजारामांना त्यात काही वावगं दिसलं नाही. शिवकन्याने तर आयुष्यात पहिल्यांदाच जू हातात धरलं होतं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि सगळं गाव मैदानाभोवती उभं राहिलं. पाचवीच्या दहा पोरांचा पहिला गट सुटला. टायरांमधून ती सशासारखी उड्या मारत गेली. दांड्यांपाशी सगळ्यांत पुढचं पोरगं थांबलं. त्याने वाकून जुवाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि बाजूने वळसा घालून निघून गेलं. मागच्यांनीही तेच केलं. दहाच्या दहा बाद.

शिवकन्याला वाटलं, उंची जास्त झाली. तिने जुवं एक एक फुटावर आणली. दुसरा गट आला, हात लावला, नमस्कार केला, वळसा घातला. तिने ती वीतभर खाली आणली. तिसऱ्या गटानेही तेच केलं. शेवटी तिने एक जू सरळ जमिनीवर ठेवलं. एक पाय उचलला की झालं. भरतीच्या पोरांतला बद्रीनाथ, जो साडेचार फूट उंच उडी मारायचा, तो पळत आला, जुवापाशी खाड्कन थांबला आणि वाकून पाया पडला.

तेव्हा तिला कळलं की चूक उंचीत नाही. उंची तीन फुटांपासून शून्यापर्यंत आणली तरी निकाल तसूभर हलला नव्हता. कारण दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मोजून सापडणार नव्हतं. विचारावं लागणार होतं.

ती द्वारकाबाईंकडे गेली. त्यांनी समजावून सांगितलं, की औताच्या सामानाला पाय लावत नाहीत आणि ते ओलांडतही नाहीत. नांगर असो, वखर असो, नाहीतर जू. पोरांना हे बोलायला लागायच्या आधीपासून शिकवलेलं असतं.

पुंजाराम तिथेच होते. ते म्हणाले, "पर हे नवं हाये, माय. अजून बैलाच्या मानेवर गेलं न्हाई. माझ्याकडं हाये तवर ते लाकूडच."

"तुझ्याकडं लाकूड असंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "आम्हाला दिसतं ते जूच."

मैदानात कुजबूज वाढली. काही जणांना पुंजारामांचं पटलं, पण ज्यांना पटलं त्यांचाही पाय उचलेना. काकासाहेब पांढऱ्या धोतराचा सोगा सावरत आले. आवाजात चिडवणं नव्हतं, जरा कीवच होती. "बाई, आता काय करता? आमची माय तर ह्याच्यावरून जायची न्हाई. बांबूबी मोडले. दुसरं लाकूड हाये का?"

दुसरं लाकूड नव्हतं. वाटूरला जाऊन यायचं म्हणजे दुपार झाली असती, आणि तोवर माणसं घरोघर पांगली असती. शिवकन्याने जमिनीवरच्या जुवाकडे पाहिलं, मग लिंबाला टेकवलेल्या चौथ्याकडे. ते तिरपं होतं आणि त्याच्याखाली सावलीला एक कुत्रं आरामात झोपलं होतं. कोणी त्याला हाकलत नव्हतं.

तिने द्वारकाबाईंना विचारलं, "वरून जायचं नाही, ते कळलं. खालून गेलं तर चालतं का?"

द्वारकाबाईंनी लिंबाखालच्या कुत्र्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. मग त्या म्हणाल्या, "खालून काय हरकत हाये? आमचे बैल रोजच जातात. त्यांना आतापर्यंत काई झालं न्हाई."

पुढची वीस मिनिटं मैदानावर अशी धावपळ झाली की शर्यत तीच आहे असं बाहेरच्याला वाटलं असतं. पुंजारामांनी खांबांवर नव्या खुंट्या ठोकल्या. बेबीनंदा चुना, गेरू आणि नीळ घेऊन मागे पळत होती. खुणा उलट्या कराव्या लागल्या. ओलांडायचं तेव्हा खालची दांडी सोपी होती, आता खालची अवघड झाली. पांढरी साडेचार फुटांवर गेली, तांबडी साडेतीनवर आणि निळी अडीचवर. जमिनीला हात किंवा गुडघा टेकला तर परत यायचं, असा नियम शिवकन्याने जागच्या जागी जोडला.

काकासाहेब पांढऱ्या खुणेकडे पाहून म्हणाले, "हे तर बिलकुल सोपं करून टाकलं. मायसाठीच केलं म्हणा की."

हे त्यांनी शिवकन्याला उद्देशून म्हटलं होतं, पण ऐकलं द्वारकाबाईंनी.

भरतीची पोरं निळ्याकडेच धावली. बद्रीनाथ पहिला. जोर काढून काढून त्याचे खांदे दाराएवढे झाले होते, पण कंबर आणि गुडघे दोन्ही वाकवूनही त्याला अडीच फुटांखाली मावता येईना. वाकला, डोकं आपटलं. परत आला, बसून सरकायला गेला आणि मागच्या मागे उताणा पडला. गर्दी हसत होती, तोही हसत होता. एकामागून एक पोरं हात टेकून परत येत होती.

मग द्वारकाबाई निघाल्या. कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला. टायरांमधून त्या सावकाश, प्रत्येक टायरात दोन्ही पाय ठेवत गेल्या. खांबांपाशी आल्या. शिवकन्याने नकळत पांढऱ्या खुणेकडे हात केला. त्या तिच्यासमोरून पुढे गेल्या, तांबडीसमोरूनही गेल्या आणि निळीपुढे उभ्या राहिल्या. जुवाला हात लावून नमस्कार केला. नंतर उकिडव्या बसल्या आणि बसल्या बसल्याच, एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, पाठ सपाट, मान जराशी तिरपी, अशा चालत्या झाल्या.

शिवकन्याने ती चाल पाहिली होती, कापसाच्या शेतात, रस्त्यावरून जाताना. खुरपणीची चाल. पन्नास वर्षं, कापसाच्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसाला किती फूट होत असतील, हे तिने कधी मोजलं नव्हतं. द्वारकाबाईंचा उजवा हात रिकामाच पुढे मागे हलत होता, जणू वाटेतलं गवत काढत होता. त्या जुवाखालून गेल्या तेव्हा वर चार बोटं जागा शिल्लक होती.

पलीकडे जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि मागे वळून बायकांना म्हणाल्या, "अगं, बसल्या काय? हे तर आपलंच काम हाये."

मग बायकांना कोण आवरणार? कौसल्या आली, सोनूबाई आली, आणखी पंधरा-वीस जणी आल्या, सगळ्या निळ्याखालून, रांगेने, खुरपायला बसल्यासारख्या, बोलत बोलत. बद्रीनाथ बाजूला बसून पाय कसे टाकतात ते पाहायला लागला. बेबीनंदाने त्याला शिकवायचं ठरवलं आणि तो मुकाट्याने शिकायला लागला.

द्वारकाबाई तोवर घागरीपाशी पोचल्या होत्या. चुंबळ, घागर, वासा, सगळं ओळखीचं. एक थेंब सांडला नाही. ढिगाला मात्र त्यांनी पांढऱ्या बाजूच्या पायऱ्या घेतल्या. दोर उगाच कशाला ताणायचा, असं म्हणाल्या. वर चढून त्यांनी घंटा वाजवली. शाळा सुटताना वाजते तशी एकदा नाही, चांगली सात-आठ वेळा.

काकासाहेब खाली उभे होते. गाव त्यांच्याकडे पाहत होतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मैदान शाळेचं."

"ते झालंच," द्वारकाबाई वरून म्हणाल्या. "आता तू ये."

सरपंच नाही म्हणू शकले नाहीत. टायरांतून ते कसेबसे आले. जुवांपाशी धोतर सावरून पांढऱ्या खुणेखाली वाकले, आणि पोट व गुडघे यांचं न जमल्यामुळे निम्म्यात अडकले. ना पुढे, ना मागे. दोघांनी धरून त्यांना सरळ केलं. ते घामाने निथळत होते आणि इतके हसत होते की डोळ्यांतून पाणी येत होतं. "बाई," ते म्हणाले, "पाचपासून पासष्टपर्यंत म्हन्ला होता. मी अठ्ठेचाळीसचा हाये. माझी खूण कुठं हाये?"

प्रश्न अगदी रास्त होता. शिवकन्याने वही उघडली आणि बेबीनंदाला टेप आणायला सांगितलं. काकासाहेब दोन्ही हात वर करून उभे राहिले. मोजून झाल्यावर पुंजारामांनी लिंबाखालचं कुत्रं हाकललं, चौथं जू उचललं आणि मोडलेल्या बांबूंचे नवे खांब पाच फूट दोन इंचांवर कापले. चुना, गेरू, नीळ तिन्ही आधीच्या खुणांना लागले होते, चौथ्या खुणेला चौथा रंग हवा होता. द्वारकाबाईंनी घरून हळद मागवली.