जेवणाची घंटा

सार्जंटने स्वयंपाकघरामागच्या खांबावरची घंटा वाजवली आणि हाताने आपल्या स्वारांना गप्प केले.

"आता ऐका. मी आयोवाच्या शेतकऱ्याचा पोर. जेवणाच्या घंटेला न ओरडणारं खेचर अजून जन्माला यायचंय."

व्हरांड्यात थॉर्नहिलबाई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. अमेरिकेतले उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपत आल्याचे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. म्हणूनच बहुधा उत्तरेचे घोडदळ घाईने अलाबामातली कोठारे जाळत होते. बाईंकडे एकच खेचर उरले होते. ते गेले की नांगर गेला, मका गेला. पहाटे त्यांनी ते दलदलीत लपवायला आपल्या म्हाताऱ्या गुलामाला, एनॉकला, पाठवले होते. आता एनॉकच्या गळ्यात दोर होता आणि दोराचे टोक पेकानच्या झाडाच्या फांदीवरून एका स्वाराच्या हाती. गुलामाला मुक्त करायला आलेल्या सैन्याला त्याच्याकडून आधी खेचर हवे होते.

दलदलीकडून फक्त बेडकांचा आवाज आला.

"म्हाताऱ्या, तू आता मोकळा आहेस. त्या बाईच्या मालाची कसली राखण करतोस?" सार्जंट म्हणाला.

"मोकळा आहे ना, साहेब? मग हा दोर तेवढा सैल करा."

एक स्वार हसला. सार्जंटने मान हलवली आणि दोर ताणला गेला. एनॉक चवड्यांवर आला.

"खेचर कुठंय?"

"दलदलीत... सुटून गेलं, साहेब."

सार्जंटने पुन्हा घंटा वाजवली, या वेळी बराच वेळ. काहीच नाही. मग रस्त्यावरून बिगुलाचा आवाज आला. दोर सोडून स्वार निघून गेले.

बाई पायऱ्या उतरल्या. डोळे ओले होते.

"एनॉक, हे मी विसरणार नाही. तुझ्या लेकीला, लिडीला पाठवलं तेव्हाही तू अवाक्षर काढलं नव्हतंस."

लिडी गेल्या हिवाळ्यात युफॉला गावी विकली गेली, मिठाच्या तीन पोत्यांच्या बदल्यात. युद्धामुळे मिठाची टंचाईच एवढी होती की धर्मशील बाईलाही असा हिशेब जमला.

गळा चोळत एनॉक पाहत होता, पण दलदलीकडे नव्हे, युफॉलाच्या रस्त्याकडे.

"आण आता खेचराला. आणि तुझ्या बायकोला सांग, ताट वाढ म्हणावं."

बोलता बोलता बाई थांबल्या. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. ती घंटा रोज एनॉकची बायको केझायाच वाजवी. आज परक्या हाताने दोनदा वाजली, तरी ती दारात आली नव्हती. आणि घंटा दलदलीच्या पार टोकापर्यंत ऐकू जाते, हे बाईंना एकाएकी आठवले. तरी खेचर ओरडले नव्हते.

"केझाया कुठे आहे?"

एनॉकने गळ्यातला दोर काढला आणि सावकाश गुंडाळला.

"जेवण झाकून ठेवलंय, बाईसाहेब," तो म्हणाला. "मीठ तेवढं घातलेलं नाही."