मुखवट्यावरचा परका हात

भिवंडीकडचं गोदामातलं काम संपवून पांड्या सूर्यमाळजवळच्या आपल्या पाड्यावर परतला, तेव्हा बोहाडा तोंडावर आला होता. पाय धुतले न धुतले तोच तो माळ्यावर चढला आणि देवीचा मुखवटा खाली घेतला. बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचतात, आणि एकेक सोंग एकेका घराचं असतं. देवीचं सोंग पांड्याच्या घराचं. मुखवटा धड नसेल तर हक्क दुसऱ्या घराकडे जातो, आणि गेलेला हक्क परत मागायला कुणाचं तोंड उघडत नाही.

त्याने फडकं सोडलं आणि देवीला उजेडात धरलं. मुखवटा ताजा रंगवलेला होता आणि त्यावरचे डोळे त्याचे नव्हते.

पांड्या डोळे काढायचा ते वाटोळे, बटाट्यासारखे. त्याचा बापही तसेच काढायचा. हे डोळे लांब, कडेला वर गेलेले, पापणी एका दमात ओढलेली. कुठेही उभं राहा, देवी आपल्याकडेच बघते आहे असं वाटे. आता मुखवट्याला हात लावायचा तो पुरुषाने, हे पाड्यावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक. त्यामुळे पांड्याने झटक्यात ताडलं, की मुखवटा रंगवला तो पुरुषाने, आणि आपण घरात नसताना रंगवला, म्हणजे तो पुरुष आपल्या घरात येऊन बसला होता. असा हा शहाणा.

"कोन आलता घरी?" त्याने बायकोला, धाकलीला, विचारलं.

ती सुपात नागली पाखडत होती. "कोन येनार? मी पानी आनाया जायाचा का पावन्यांना बसवून घेयाचा?"

"मंग नखात तुझ्या निला रंग कसला?"

"डबा सांडला व्हता. पुसला." बोलताना तिने मान वर केली नाही. पांड्याने ते बरोबर हेरलं.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या पाड्यावर बुधाकडे गेला. रावणाचं सोंग बुधाचं, आणि त्याच्याइतका रंगाचा हात आसपास कुणाचा नव्हता. इकडचं तिकडचं बोलून पांड्या मुद्द्यावर आला. बुधा पोट धरून हसला. "मी? तुझ्या घरा? माझी बायको मना जित्ता ठेवील का?" एवढं हसतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं म्हणत पांड्या घरी आला.

मग त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तो घरात शिरला की विडीचा वास येतो का बघायचा. धाकली विहिरीवर गेली की मागोमाग जायचा आणि करवंदीच्या जाळीआड उभा राहायचा. तिथे तिच्याशी बोलायला येत होती ती फक्त शेजारची पोशी. तर पोशीवरही त्याचा संशय, निरोप हीच पोचवत असेल! जेवण गोड लागेना. धाकली निघून गेली तर आपलं कसं होणार, या विचाराने त्याला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून राग यायचा.

मुखवटे पंचांना दाखवायच्या दिवशी सकाळी त्याच्याने राहवलं नाही. "सांग, कोनी काढले हे डोले? नाय तर चाल, तुला बापाच्या घरी सोडतो."

धाकलीने हातातलं सूप खाली ठेवलं. "मी काढले. उंदरांनी देवीचा गाल खाल्ला व्हता. तू नव्हतास. कागद भिजवला, डिंक घातला, गाल भरला. मंग डोले काढले."

पांड्या हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "बाईचा हात असा चालतो? तुमचा काम भिंतीला पीठ फासायचा."

ते पीठ फासायला धाकलीला चार पाड्यांवरून बोलावणी येत. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकाचं चित्र काढावं ते तिनेच. पण लग्नात पांड्याचं लक्ष ताडीवर आणि ढोलावर. भिंतीकडे त्याने कधी बघितलं होतं? धाकलीने सूप उलटं केलं. चौक काढायची, टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी घेतली, ती निळ्या रंगात बुडवली आणि श्वास रोखून एक रेघ ओढली. मग दुसरी. सुपाच्या पाठीवरून तोच डोळा पांड्याकडे बघू लागला.

त्याला बरं वाटलं, खरंच खूप बरं वाटलं. घरात कुणी आलंच नव्हतं.

"परका पुरुस येऊन बसला, ह्या तुला पटला," धाकली म्हणाली. "मी रंगवला, ह्या नाय पटला."

दुपारी गावदेवीपुढच्या अंगणात मुखवटे मांडले होते. बायका आरतीचं ताट घेऊन एका बाजूला उभ्या, त्यांत धाकलीही. पंचांतला म्हातारा तुका देवीपुढे आला आणि थांबला. वाकून बघितलं, मग चक्क हात जोडले.

"पांड्या, ह्ये डोले तुझे नव्हं. कोनाचा हात?"

पांड्याने धाकलीकडे बघितलं. ती ताट धरून सरळ त्याच्याकडेच बघत होती. खरं सांगितलं तर बाईने मुखवट्याला हात लावला म्हणून हक्क जाणार.

"हिच्या मावशीचा पोरगा," तो म्हणाला. "जामसरचा. आलता चार दिवस राहाया."

"वा! काय हात हाये पोराचा," तुका म्हणाला. "फुडच्या साली त्यालाच बोलव. आपल्या पोरांना शिकवील." देवीचं सोंग पांड्याच्या घरी राहिलं. धाकलीने देवीला ओवाळलं.

धाकलीच्या मावशीला सगळ्या मुलीच होत्या.

घरी येईपर्यंत पांड्याच एकटा बोलत होता. दुसरं काय सांगनार व्हतो, हक्क गेला असता, तुझंच नाक कापलं असतं. धाकलीने भाकऱ्या थापल्या आणि आमटी केली. जेवायला दोन ताटं मांडली, मग उठून तिसरं घेतलं आणि पांड्याच्या शेजारी ठेवलं. त्यात भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा वाढला.

"ह्या कोनाला?" पांड्याने विचारलं.

"जो येऊन राहिला व्हता, त्याला," धाकली म्हणाली. "रंगवून दमला असंल."